मागचे आवाज: घरी केलेल्या हार्मोनायझरच्या प्रकल्प नोंदी

९ ऑगस्ट २०२५, राखीपौर्णिमा

ताई मिरजेहून आली होती. ओवाळून झाल्यावर पाकीट पुढे केलं तर ते माझ्याच खिशात कोंबून म्हणाली, "पैसे राहू देत. मला एक यंत्र करून दे." त्यांचं महिला भजनी मंडळ एके काळी नऊ जणींचं होतं. आता चौघी उरल्यात. कुणी नातवंडं सांभाळायला पुण्यात आलीय, कुणाच्या गुडघ्यांना आता मांडी घालणं सोसत नाही. कोजागरीला देवळात कार्यक्रम आहे. "मी म्हटलं की मागून कुणीतरी म्हणतंय, असं वाटायला हवं," हे तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतोय. गिऱ्हाइकाची गरज त्याच्याच शब्दांत टिपून ठेवायची, ही नोकरीतली सवय.

मला लगेच हार्मोनायझर सुचला. गळ्यातून आलेला सूर घ्यायचा, त्याची उंची बदलून दुसरा सूर तयार करायचा आणि दोन्ही एकत्र सोडायचे. टीन्सी ४.१ हा छोटा संगणक-बोर्ड आणि त्याचा ऑडिओ बोर्ड कपाटात पडून आहे. ६०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, सेकंदाला ४४,१०० नमुने, १२८ नमुन्यांचा एक घास, म्हणजे २.९ मिलिसेकंद. पुरेल.

१२ ऑगस्ट

आज सोल्डरिंग नाही, फक्त वाचन. 'हार्मोनायझर' हे मुळात इव्हेंटाइड या अमेरिकन कंपनीचं व्यापारी नाव. झेरॉक्ससारखं ते सगळ्याच यंत्रांना चिकटलं. पहिलं यंत्र एच९१०, १९७५ च्या सुमाराचं, टोनी अ‍ॅग्नेलो या अभियंत्याचं काम. आवाज एक सप्तक वर किंवा एक सप्तक खाली नेता यायचा, शिवाय जास्तीत जास्त ११२.५ मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे आवाज तेवढा उशिरा सोडायची सोय. पहिलं गिऱ्हाईक कुणी गायक नव्हताच, न्यूयॉर्कचं चॅनल ५ होतं. 'आय लव्ह ल्यूसी' या विनोदी मालिकेचे जुने भाग जाहिरातींना जास्त जागा मिळावी म्हणून ते थोडे पळवून दाखवायचे. त्यामुळे पात्रांचे आवाज चढायचे, ते या यंत्रातून पुन्हा खाली आणायचे. म्हणजे पहिली नोकरी सुसंवादाची (दोन सूर एकमेकांशी जुळवून वाजवण्याची) नव्हे, दुरुस्तीची.

दोन वर्षांनी डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाच्या 'लो' या अल्बममध्ये निर्माता टोनी व्हिस्कॉंटीने ते स्नेअर ड्रमला लावलं. यंत्रातून बाहेर आलेला, किंचित उतरलेला ठोका पुन्हा यंत्रात घालायचा, तो आणखी उतरतो, पुन्हा घालायचा. काठी पडली की आवाज जिना उतरून गेल्यासारखा खाली जातो. तिथेही सुसंवाद नाही. (नंतरची भर: हे तेव्हा वाचून पुढे गेलो, खूण करायला हवी होती.)

१५ ऑगस्ट

सुट्टी. पहिली आवृत्ती चालली, म्हणजे वाजली तरी.

एच९१० च्या मागची युक्ती इतकी साधी आहे की हसू येतं. मेमरीचा एक गोल तुकडा घ्यायचा. त्यात आवाज एका ठरावीक वेगाने लिहीत जायचं आणि दुसऱ्या वेगाने वाचत जायचं. जलद वाचलं की सूर चढतो, संथ वाचलं की उतरतो. कॅसेट पळवल्यासारखंच, फक्त गाण्याची लांबी बदलत नाही, कारण आपण गोल फिरतोय.

गोम त्या गोलातच आहे. वारीतलं रिंगण डोळ्यांपुढे आणा. लिहिणारा अश्व पुढे आहे, वाचणारा मागून जास्त वेगाने येतोय. कधी ना कधी तो गाठणारच. गाठला की वाचणाऱ्याला उडी मारून पुन्हा मागे जावं लागतं, आणि त्या उडीच्या जागी आवाजाची शिवण उसवते. हिशेब केला. शुद्ध गंधाराइतकं, म्हणजे चार अर्धस्वर वर जायचं तर वाचन १.२६ पट वेगाने होतं. रिंगण ३० मिलिसेकंदांचं असेल तर दर ११५ मिलिसेकंदांनी गाठभेट, सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा टक्.

मग दोन वाचक ठेवले, एकमेकांपासून अर्ध्या रिंगणावर. एकाची उडी जवळ आली की त्याचा आवाज हळूहळू बंद आणि दुसऱ्याचा सुरू. टकटक गेली, पण तिच्या जागी थरथर आली. फोनवर ताईला ऐकवलं. "शिट्टी व्हायच्या आधी कुकरचं झाकण थरथरतं ना, तसं वाटतंय." नेमकं निदान. दोन वाचकांच्या लहरी एकाच वेळी ऐकू येतात तेव्हा त्या एकमेकींशी जुळलेल्या नसतात, कधी भर घालतात, कधी खोडतात. इव्हेंटाइडच्या पुढच्या यंत्रांत शिवण कुठे घालायची हे लहर बघून ठरवण्याची सोय आली, ती याच दुखण्यावर.

२३ ऑगस्ट

शिवण लहरीच्या योग्य जागी घालायची तर आधी लहर किती लांब आहे ते कळायला हवं. म्हणजे ताई कोणता सूर लावतेय हे यंत्राला ओळखता आलं पाहिजे.

यिन नावाची पद्धत वापरतोय, द शेवेन्ये आणि कावाहारा यांची, २००२ ची. आवाजाची एक प्रत थोडी सरकवून मूळ आवाजावर ठेवायची आणि वजाबाकी करायची. जितकं सरकवल्यावर बाकी जवळजवळ शून्य उरते तितकं एक आवर्तन. ताईची पट्टी काळी चार, म्हणजे षड्ज २०७.६५ हर्ट्झ, एक आवर्तन सुमारे २१२ नमुन्यांचं. फसगत अशी की २१२ ला बाकी शून्य तर ४२५ लाही जवळजवळ शून्यच. दोन आवर्तनं सरकवली तरी लहर जुळणारच की! मग यंत्राला वाटतं बाई खालच्या सप्तकात गेल्या. उपाय म्हणजे सगळ्यांत खोल खड्डा शोधत न बसता पुरेसा खोल असा पहिला खड्डा पकडायचा.

जाता जाता: १९९७ मध्ये ऑटो-ट्यून हे गायकाचा सूर आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर आणणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेलसाठे शोधण्यासाठी भूकंपलहरींच्या नोंदी तपासायचं काम करत होता. जमिनीखालून परतलेल्या लहरीत काय स्वतःशी जुळतंय ते शोधायचं गणित आणि गळ्यातल्या लहरीचं गणित एकाच घरातलं.

आता गणपती. दोन आठवडे काम बंद.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. कान अजून ढोलांनी भरलेले आहेत, तरी बसलो.

रिंगणाची युक्ती बाजूला ठेवली. सूर नीट ओळखता येत असला तर त्याहून चांगला मार्ग आहे. आवाजाचे एकेक आवर्तन धरून, दोन आवर्तनांएवढे, कडांना निमुळते असे तुकडे कापायचे. ते जवळजवळ ठेवले की सूर चढतो, लांबलांब ठेवले की उतरतो. तुकड्याच्या आतला आकार आपण बदलत नाही.

हा आतला आकार म्हणजेच 'ही ताई आहे' हे आपल्याला कशावरून कळतं ते. स्वरयंत्र सूर देतं, पण घसा, जीभ, ओठ यांची पोकळी काही पट्ट्यांतल्या कंपनांना उठाव देते. 'आ' आणि 'ई' यांतला फरक तिथलाच. गाणारी सा वरून प वर गेली तरी तिचं तोंड लहान होत नाही. रिंगणाच्या पद्धतीत मात्र पोकळीही सुराबरोबर आक्रसते आणि कार्टूनमधली खार बोलू लागते. तुकड्यांच्या पद्धतीत खार गेली. पहिल्यांदाच वाटलं की दुसरी बाई गातेय.

मग ताई "विठ्ठल" म्हणाली आणि सगळं कोसळलं. 'ठ्ठ'ला आवाज क्षणभर पूर्ण बंद होतो आणि मग फुटतो. त्या फुटण्याला सूरच नाही, तरी यंत्र इमानेइतबारे सूर शोधत बसतं, काहीतरी २,००० हर्ट्झचं सापडल्यासारखं करतं आणि ताईच्या मागून एक चिमणी ओरडते. 'स', 'श', 'छ' यांचंही तेच. नियम केला: बाकी पुरेशी शून्याजवळ नसेल तर सूर नाही असं समज, आणि तेवढा आवाज न बदलता सोड. व्यंजनं मूळची, स्वर बदललेले. आपल्या भाषेत महाप्राण इतके आहेत की ही मर्यादा ठरवायला दोन संध्याकाळी गेल्या.

१३ सप्टेंबर

नुसतं 'चार अर्धस्वर वर' चालत नाही. सा ला ग ची जोड दिली तर छान, पण यमनमध्ये ग ला चार अर्धस्वर वर नेलं की कोमल धैवत येतो आणि राग तिथेच संपतो. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या यंत्रांनी 'स्वरसप्तक सांगा, मी त्यातलाच सूर निवडतो' अशी सोय आणली. मीही तक्ता केला. पट्टीसाठी एक खटका (स्विच), रागासाठी एक.

यमन सरळ बसला. सा ला ग, रे ला तीव्र म, ग ला प, तीव्र म ला ध, प ला नि. अंतर कधी चार, कधी तीन अर्धस्वर.

मग भूप. पाचच स्वर: सा रे ग प ध. 'एक सोडून पुढचा' हा नियम लावला तर सा ला ग मिळतो, चार अर्धस्वर. पण रे ला प, ग ला ध, प ला वरचा सा, ध ला वरचा रे, ही सगळी पाच अर्धस्वरांची अंतरं. म्हणजे भूपात फक्त षड्जावर गोड जोडी जमते आणि बाकी सगळीकडे सा-म सारखी पोकळ, उघडी जोडी वाजते, तीही ज्या रागात म नाहीच त्यात. रात्री बारापर्यंत हेच वाजवत बसलो. वाईट नाही वाटत. विचित्र वाटतं, एवढंच. रागात दोन स्वर एका वेळी येणार हे भूप रचणाऱ्याने गृहीतच धरलेलं नाही, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची?

मींडेचंही तसंच. यमनात ताई ग वरून रे वर घसरत येते तेव्हा दुसरा आवाज प वर ठाण मांडून बसतो आणि ती अर्ध्यावर आली की दचकून तीव्र म वर उडी मारतो. आंदोलन घेतलं तर दोन्हींत फडफडतो. पियानोसारख्या ठोकळ्या स्वरांच्या जगात हे चालून जातं. इथे नाही, म्हणून तक्त्यातल्या दोन ओळींच्या मधलं अंतरही भरून घेतलं: ती दोनशे सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर) उतरली की दुसरा आवाज त्याच वेळात शंभर सेंट उतरतो. आता तोही मींड घेतो, थोडी आखूड. या सबंध प्रकल्पात मला स्वतःला सर्वांत आवडलेलं काम हेच.

१४ सप्टेंबर

ताईने तंबोरा लावून ऐकलं. तंबोरा मिरजेचाच, सतारमेकर गल्लीतला, जवारी सुरेख. दोन मिनिटांत म्हणाली, "तुझा गंधार चढा आहे."

चढा नव्हता, पियानोचा होता. मी चार अर्धस्वर सारख्या वाटणीचे घेतले होते, म्हणजे ४०० सेंट. पण तिच्या तंबोऱ्याचा खर्ज १०३.८ हर्ट्झचा आणि त्याचा पाचवा उपस्वर ५१९.१ वर आपणहून गंधार बोलतो. तो ५:४ चा, ३८६ सेंटांचा गंधार. माझ्या गंधाराचा दुसरा उपस्वर ५२३.३ वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे. मी हे गणित कागदावर काढण्याआधी तिने ते कानांनी काढलं होतं. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली तेव्हाच्या आक्षेपांत एक हाच होता, की पेटीचे स्वर ठरीव आणि मींड शून्य. म्हणजे मी ८५ वर्षांनी तीच पेटी पुन्हा बनवली, फक्त महाग.

तक्त्यात अर्धस्वरांऐवजी गुणोत्तरं घातली: ५:४, ६:५, ३:२. हेलकावे थांबले. पंचमाला फारसा फरक पडला नाही, तिथे चूक दोनच सेंटांची असते.

२८ सप्टेंबर, मिरज

देवळाच्या सभागृहात पहिली तालीम. चौघी, पेटीवाले काका, मृदंग, टाळ.

टाळ! घरी टाळ नव्हते. ताईच्या माईकमध्ये शेजारणीचे टाळ शिरतात आणि यंत्र त्यांनाही सुसंवादी करायला जातं. टाळाच्या आवाजाला असं आवर्तन नसतंच. निकाल: पत्र्याचा डबा जिन्यावरून. शेजारणीला हातभर लांब बसवलं, ताईला माईक ओठांजवळ धरायला लावला. सूर ओळखणाऱ्या भागाला एक किलोहर्ट्झच्या वरचं काही द्यायचंच नाही असं केलं. आता बरं आहे.

शिट्टीही ऐकली, पण नेहमीची नव्हे. स्पीकरचा आवाज माईकमध्ये परतला की एरवी एकच सूर ओरडत राहतो. इथे प्रत्येक फेरीला तो गंधाराइतका वर चढत होता, त्यामुळे शिट्टी पायऱ्या चढत छतापर्यंत गेली आणि नाहीशी झाली. मृदंगवाल्याने हात जोडले. गंमत अशी की सूर अगदी थोडा सरकवला तर शिट्टी उलट कमी होते, कारण परतलेला आवाज स्वतःवर नेमका बसत नाही. मान्फ्रेड श्रोडर या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात सभागृहांसाठी पाचेक हर्ट्झ सरकवण्याचा उपाय सुचवला होता तो यासाठीच.

मग नीट जुळवून, यमनातली एक चाल. ती गात होती आणि वर दुसरा आवाज, शुद्ध गुणोत्तरात, मींडेसकट, व्यंजनांना न अडखळता. माझ्या अंगावर काटा आला.

ताईने संपवलं. थोडं थांबून म्हणाली, "छान झालंय रे. गोव्यात मांडो ऐकला होता, दोन आवाज असेच हात धरून चालतात. पण मला दुसरा सूर नको होता. मला माणसं हवी होती."

काकांनी पेटीचा भाता मिटला आणि चहा मागवला.

२९ सप्टेंबर, परतीची गाडी

९ ऑगस्टची नोंद वाचली. 'मागून कुणीतरी म्हणतंय.' तेच म्हणतंय, वेगळं नव्हे. टाळकरी तोच सूर, तेच शब्द म्हणतात, फक्त प्रत्येकाचा गळा किंचित इकडे-तिकडे आणि प्रत्येकजण किंचित उशिरा. सात आठवडे मी तिला न मागितलेली गोष्ट शुद्ध गुणोत्तरात देत होतो.

आणि ही तर हार्मोनायझरची फार जुनी करामत. स्टुडिओत दोन एच९१० घेऊन एकात आवाज नावापुरता चढा, दुसऱ्यात नावापुरता उतरा करायचा, एक डावीकडे सोडायचा, एक उजवीकडे. एकटा गळा रुंद होतो. पुढे इव्हेंटाइडच्याच एच३००० या एकाच यंत्रात ही जोडी तयार मिळू लागली. १२ ऑगस्टला मी हे वाचलं होतं. 'सुसंवाद नाही' असं लिहून पुढे गेलो होतो.

गाडीतच हिशेब. नऊ सेंट म्हणजे वेग १.००५२ पट. तेच ३० मिलिसेकंदांचं रिंगण, पण आता मागच्या अश्वाला पुढच्याला गाठायला ११५ मिलिसेकंद नव्हे, जवळपास पावणेसहा सेकंद लागतात. त्या एका उडीवर दुसरा वाचक पांघरूण घालतो. थरथर ऐकूच येणार नाही! १५ ऑगस्टचा टाकाऊ कोड या कामाला उत्तम आहे. सूर ओळखणं नको, तक्ता नको, पट्टीचा खटका नको, 'ठ्ठ'ची भीती नको. यंत्राला ताई काय गातेय हे कळायची गरजच नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

सोल्डरिंग गनला झेंडूची माळ आणि हळदकुंकू. पूजा झाल्यावर तिलाच कामाला लावलं.

आठ आवाज. अधिक-उणे पाच, नऊ आणि तेरा सेंटांच्या आसपास, शेवटचे दोन पुन्हा पाचच्या जवळ. डिले १५ ते ४० मिलिसेकंद, प्रत्येकाचा वेगळा. हे आकडे स्थिर ठेवले तर यंत्र यंत्रासारखंच वाजतं, एक संथ घरघर फिरत राहते. म्हणून प्रत्येक आवाजाचे सेंट आणि डिले आपापल्या लहरीने हळूहळू भटकू दिले. एवढ्याने घरघर मोडली आणि माणसं दिसायला लागली.

चौदा सेंटांचा गंधार खटकला, मग तेरा सेंटांची माणसं का खटकत नाहीत? माझा अंदाज: तो गंधार कायम एकाच बाजूला चढा होता, हे आठजण मात्र दोन्ही बाजूंना पांगलेत आणि मध्यावर ताई स्वतः उभी आहे. तंबोरा तिच्याशी जुळतो.

ताईचा मूळ आवाज यंत्रातून जातच नाही, मिक्सरवरून थेट स्पीकरला. तिला स्वतःचा आवाज हाडांतून विनाविलंब ऐकू येतो, त्यावर उशीर लादला तर लय जाते. उशीर मागच्यांनी करायचा, त्यांचं कामच ते.

तुकड्यांची पद्धत वाया जाऊ द्यायची नाही म्हणून एक पायखटका ठेवला: गजरात खालच्या सप्तकातला आवाज, अगदी हलका. एक सप्तक उतरवताना तुकडे जेमतेम एकमेकांना टेकतात, त्यामुळे आवाज थोडा खरखरतो. म्हाताऱ्या टाळकऱ्याचा वाटतो, दुरुस्त करणार नाही.

६ ऑक्टोबर, कोजागरी

कार्यक्रम झाला. पहिली दोन भजनं उत्तम. मागच्या रांगेतून एक आजोबा उठून पुढे आले, स्टेजकडे बघून डोकी मोजली आणि परत गेले.

तिसऱ्या भजनाच्या मध्यावर आठही जणी एकदम गप्प. ताई आणि तिघी न थांबता म्हणत राहिल्या, मूळ आवाज थेट होता म्हणून कुणाला फार कळलं नाही. मी यंत्राकडे धावलो. बोर्ड बंद. पॉवर बँक भरलेली होती, पण टीन्सी करंटच इतका कमी ओढतो की तिला वाटलं फोन चार्ज झाला, झोपावं आता. माझा फोन तिच्या दुसऱ्या भोकात लावला, ती जागी झाली आणि ध्रुवपदाला मंडळ परत आलं.

मसाला दूध पिताना ताईने विचारलं, "मध्येच कुठे गेल्या होत्या गं सगळ्या?" 'गं' मला नव्हतं, डब्याला होतं.

बाकी कामं: पॉवर बँकेऐवजी साधा अ‍ॅडॉप्टर. डब्याला रबरी पाय. उणे तेरावाली जरा जास्तच मागे पडते, तिचा डिले पाच मिलिसेकंदांनी कमी करणे.